पुढे काय झालं, तेही छापा

मराठी दैनिकांचे संपादक आणि मराठी वृत्तवाहिन्यांचे वृत्तप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी जुन्नर तालुक्यातला, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस. शिक्षण आयटीआयपर्यंत. दुकानात दोन पेपर येतात आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर दिवसभर बातम्या चालू असतात. जळालेली मोटार खोलून, तार उतरवून, नवी भरून होईपर्यंत शेतकऱ्याला बसावं लागतं आणि बसलेल्या माणसाला काहीतरी बघायला लागतं. विज्ञानाची बातमी लागली की सगळे माझ्याकडे बघतात. करंटचं काम करतो म्हणजे मला मंगळावरचंही कळत असणार, असा आमच्याकडे समज आहे.

तुमच्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. तुम्ही विज्ञानाची बातमी सुरू करता आणि मध्येच सोडून देता. राजकारणातली बातमी तुम्ही शेवटपर्यंत नेता. कोण रुसला, कोण परत आला, कुणाच्या बंगल्यावर बैठक झाली, सगळं कळतं. विज्ञानाच्या बातमीला मात्र फक्त पहिला दिवस असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत '२०२४ वायआर४' या लघुग्रहाने आमच्या दुकानात आठवडाभर मुक्काम केला होता. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला तो दिसला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता होती आणि आदळलाच तर ज्या पट्ट्यात पडेल त्यात दक्षिण आशियाही होता. झालं! मुंबईचा नकाशा, त्यावर लाल वर्तुळ, मागे ढणढण संगीत. १८ फेब्रुवारीला शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली आणि 'धोका वाढला' अशी पट्टी फिरायला लागली. आठवडाही झाला नसेल, नासाने तीच शक्यता ०.००४ टक्क्यांवर आणली. त्या दिवशी टीव्हीवर काय होतं ते मला आठवत नाही, पण लघुग्रह नव्हता. दुकानात येणारे एक गृहस्थ अजून धरून चालतात की २०३२ मध्ये मुंबईचं काही खरं नाही, आणि मुलाने डोंबिवलीत फ्लॅट घेऊ नये.

यातली खरी गंमत तर तुम्ही सांगितलीच नाहीत. शक्यता आधी वाढून मग एकदम कोसळली, यात कुणाची चूक नव्हती, लपवाछपवीही नव्हती. दगड नुकताच सापडलेला असतो तेव्हा आठ वर्षांनंतर तो नेमका कुठे असेल ते सांगता येत नाही. 'या लांबलचक पट्ट्यात कुठेतरी' एवढंच सांगता येतं. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो. आखडलेल्या पट्ट्यात पृथ्वी अजून सापडत असेल तर तिचा वाटा वाढतो, म्हणजे टक्का वाढतो. पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी बाहेर राहिली की टक्का शून्याजवळ येतो. म्हणजे फेब्रुवारीभर धोका वाढत नव्हता, माहिती वाढत होती. हे मी दुकानात पाण्याच्या पाइपवर खडूने रेघा मारून दोघा-तिघांना समजावलं, त्यांना लगेच कळलं. मग तुमच्या अर्ध्या तासाच्या चर्चेत हे का बसत नाही?

एलके-९९ चं तर माझ्या पोटाशी नातं होतं. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने दावा केला की नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला विजेचा शून्य रोध असलेला पदार्थ त्यांनी बनवला. माझा सगळा धंदाच तांब्याच्या तारेला रोध आहे म्हणून चालतो. रोध आहे म्हणून तार तापते, जास्त तापली की इन्सुलेशन जळतं, मग मोटार माझ्याकडे येते. आज असे शून्य रोधाचे पदार्थ, म्हणजे अतिवाहक, वापरतात ते एमआरआयच्या यंत्रात, आणि तिथे कॉइल थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, उणे २६९ अंश. असला पदार्थ ओट्यावरच्या तापमानाला मिळाला तर जग बदलेल हे खरंच होतं. तुम्ही तसं छापलंत, त्यात काही वावगं नव्हतं.

पण महिन्याभरात चीन, अमेरिका, जर्मनी अशा ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही पाहिला. अतिवाहकता कुणालाच मिळाली नाही. रोध एकदम घसरलेला दिसत होता तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. साधारण १०४ अंश सेल्सिअसला त्या सल्फाइडची रचना बदलते आणि रोध पडतो. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेने शुद्ध स्फटिक वाढवला तेव्हा तो चक्क विद्युतरोधक निघाला. ही शोधकथा पहिल्या दाव्याहून किती तरी रंगतदार आहे. एक दावा येतो, जगभरची माणसं आपापल्या भट्टीत तो भाजून बघतात आणि भेसळ नेमकी कुठे आहे ते पकडतात. विज्ञान चालतं कसं हे यापेक्षा सोपं करून कुणी सांगू शकणार नाही. तुमच्याकडे मात्र पहिल्या दिवशी 'क्रांती' होती आणि नंतर काही नव्हतं. मधल्या काळात एका बागायतदाराने मला विचारलं, नवी दहा एचपीची मोटार आत्ता घेऊ की बिनरोधाची निघेपर्यंत थांबू?

हे झालं लांबचं. जवळचं काय करता ते सांगतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस भराभर गळायला लागले. बायकांचे, पोरांचे, सगळ्यांचेच. तुमचे कॅमेरे तिथे पोहोचले आणि कुणी त्याला थेट व्हायरस करून टाकलं. मग पाण्यात नायट्रेट जास्त असल्याचं आलं, मग बुरशी आली, मग आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं. त्यानंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी वेगळंच बोट दाखवलं. विंचूदंशावरच्या उपचाराने कोकणात हजारो जीव वाचवणारे हे महाडचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं होतं की दोष रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमचा आहे, आणि त्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट आहे. सेलेनियम शरीराला चिमूटभर लागतं, जास्त झालं की केस आणि नखं जातात, हे वैद्यकात जुनं ज्ञान आहे. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत ते नैसर्गिकरीत्या जास्त आहे, हेही कृषिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता विचार करा, ही केवढी मोठी बातमी आहे. गहू कुठल्या जमिनीत पिकला, कुठल्या गोदामातून आला, कुठे तपासला, तपासताना सेलेनियम बघतात का, आणखी कुठल्या जिल्ह्यांत तो गेला. यातला एकेक प्रश्न घेऊन एकेक वार्ताहर महिनाभर फिरला असता तरी कमी पडलं असतं. रेशनचा गहू आमच्या तालुक्यातही येतो हो! पण टक्कल पडलेल्या डोक्यांचे फोटो संपले आणि तुमचा रसही संपला. गावांतल्या मुलींची स्थळं मोडायला लागल्याच्या बातम्या मी वाचल्या. बातमी 'लागण' म्हणून सुरू केली होती, तर 'लागण नाही' हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच पानावर छापायची जबाबदारी कुणाची?

पुण्यातल्या जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचं तुलनेने बरं झालं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या बाजूला रुग्ण वाढले तेव्हा पहिले दोन दिवस 'नव्या गूढ आजाराचं थैमान' होतं. वास्तविक गियाँ, बारे आणि स्ट्रोल या डॉक्टरांनी १९१६ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. पण नंतर काही वार्ताहरांनी चांगलं काम केलं. कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो, मग शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, आणि हा आजार शेजारी बसल्याने होत नाही, हे लोकांपर्यंत पोहोचलं. विहिरी, टँकर, खासगी आरओचं पाणी यांच्यामागे तुम्ही लागलात. म्हणजे जमतं तुम्हाला. पुण्यात जमतं, शेगावला जमत नाही, याचं कारण काय ते तुम्हीच शोधा.

इस्रोबद्दल बोललं की लोक चिडतात, तरी बोलतो. श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण २९ जानेवारी २०२५ ला झालं. पेपर भरून कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. त्यातून गेलेल्या एनव्हीएस-०२ उपग्रहाचे व्हॉल्व्ह उघडले नाहीत, त्यामुळे तो ठरलेल्या कक्षेत नेता आला नाही. ही बातमी आमच्या पेपरात आतल्या पानावर, सराफ बाजाराच्या भावाखाली होती. मे महिन्यात पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट तिसऱ्या टप्प्यात बिघडलं, तीही दोन दिवसांत संपली. तुम्हाला वाटतं अपयश छापलं तर देशाचा अवमान होईल. अहो, चांद्रयान-३ उतरलं ते चांद्रयान-२ का आपटलं हे उकलून पाहिल्यामुळे! २०१९ मध्ये उतरण्यासाठी ५०० मीटर लांब-रुंद जागा नेमली होती, २०२३ मध्ये ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, सॉफ्टवेअर बदललं. मोटार का जळली हे न बघता नुसती तार भरून दिली, तर महिन्यात तीच मोटार परत माझ्या दारात येते. बेअरिंग धरलं होतं, की एक फेज गेली होती, की व्होल्टेज कमी होतं, ते आधी बघावं लागतं. इस्रोचे लोक ते बघतात. तुम्ही आम्हाला बघू देत नाही.

बारामतीच्या उसाचंही तेच. एआयने ऊस वाढला, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी कौतुक केलं, फोटो आले. मला त्या प्रयोगाबद्दल अजिबात आकस नाही. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं आणि त्यावरून 'आज पाणी दे, उद्या देऊ नको' असा मोबाइलवर सल्ला, ही कल्पना अगदी पटण्यासारखी आहे. पण ऊस लावणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. एकरी खर्च किती, त्यात कारखान्याचा वाटा किती? तुलना कुणाच्या उसाशी केली, शेजारच्या ठिबकवाल्याशी की पाटपाणी सोडणाऱ्याशी? खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यातून फुटणाऱ्या उसाला, काय झालं? सेन्सर उंदराने कुरतडला तर दुरुस्तीला कोण येतं? तुमच्या बातमीत नाडेला होते, खोडवा नव्हता.

आता आमच्या गावाकडचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी, काही मध्यभागी एकत्र, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उभं केलं. पोलादी पत्र्याच्या जड तबकड्या परवडणार नव्हत्या, म्हणून त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. तारेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, ते काम जवळून बघण्यासारखं आहे.

जानेवारी २०२३ मध्ये तुमच्याकडे बातमी आली की या दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला 'रेडिओ सिग्नल' पकडला. दुसऱ्या दिवशी दुकानात प्रश्न एकच होता : कुणी पाठवला? एका वाहिनीने तर परग्रहवासीयांचं चित्रही लावलं होतं. तो होता साधा हायड्रोजन. हायड्रोजनचा अणू एकवीस सेंटिमीटरची रेडिओ लहर सोडतो. विश्व पसरतंय म्हणून ती ताणली जाऊन इथे अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची होऊन पोहोचली. मध्ये दुसरी एक दीर्घिका होती, तिच्या गुरुत्वाने लहर वाकून एकवटली आणि कित्येक पट ठळक झाली, नाहीतर सापडलीच नसती. मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूच्या आयआयएससीतले संशोधक होते, दुर्बीण आमच्या शिवारातली होती. परग्रहवासी घातल्याशिवाय ही गोष्ट चालली नसती असं तुम्हाला का वाटलं?

त्याच दुर्बिणीची दुसरी बातमी अजून चालू आहे, आणि ती आमच्या पोटापाण्याची आहे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी जायची ठरली होती. मग केंद्रीय रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की तो मार्ग जीएमआरटीजवळून जातो, दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, मार्ग बदलावा लागेल. इथे मोर्चे निघाले, बैठका झाल्या. तुम्ही त्याचं 'दुर्बीण विरुद्ध विकास' करून टाकलंत. कोणता आमदार काय म्हणाला, कोणता खासदार काय म्हणाला, ते सगळं आलं. रेल्वेने दुर्बिणीला त्रास का होतो, हे मला एका ओळीत कुठे वाचायला मिळालं नाही.

म्हणून मीच दुकानात सांगतो. ब्रश असलेली मोटार चालू केली की शेजारच्या रेडिओत खरखर येते, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ठिणगी पडली की रेडिओ लहरी सुटतात. विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ वरच्या तारेवर घासत जातो, तिथे ठिणग्या पडतात. आणि दुर्बिणीचे कान इतके तीक्ष्ण आहेत की चंद्रावर मोबाइल चालू करून ठेवला तर आकाशातल्या ठळक रेडिओस्रोतांमध्ये त्याची गणना होईल. एवढं सांगितलं की शिव्या देणारा माणूसही गप्प होऊन पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न बरोबर असतो : मग उपाय काय?

तिथेच तुमचं काम सुरू होतं. रेल्वे मलाही हवी. टोमॅटोचा हंगाम चालू असताना पुणे-नाशिक रस्त्यावर अडकलेला एकही माणूस तिला नको म्हणणार नाही. दुर्बीणही मला हवी. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जगातल्या सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बीण प्रकल्पात भारत सामील झाला, जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी १,२५० कोटी मंजूर झाले, त्यात खोडदच्या अनुभवाचा वाटा आहे. तेव्हा मला कळायला हवं की त्रास किती अंतरापर्यंत होतो आणि तो कुणी मोजला. बोगद्यातून, खोल चरातून रेल्वे नेली तर किती कमी होतो? तेवढ्या टप्प्यात डिझेलवर गाडी चालवता येईल का? अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीभोवती १९५८ पासून रेडिओ शांततेचं मोठं क्षेत्र राखलं आहे, आणि दुर्बिणीच्या अगदी जवळ डिझेलच्याच गाड्या चालतात, कारण पेट्रोलच्या इंजिनातला प्लगही ठिणगी टाकतो. हे प्रश्न रेल्वेला, राज्य सरकारला आणि जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरएला समोरासमोर विचारा. उत्तरं आकड्यांत मागा. मग आम्ही ठरवू मोर्चा कुणावर न्यायचा.

हिंगोलीकरांनाही असंच अर्धवट ठेवलं आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक ओळखायचा. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, २०२३ मध्ये २,६०० कोटींची अंतिम मंजुरी. दर सहा महिन्यांनी एक वार्ताहर पाठवून काम कुठवर आलं, गावातली किती पोरं तिथे कामाला लागली, एवढं लिहायला काय हरकत आहे? महामार्गाच्या कामाचं तुम्ही तसं करताच.

जाता जाता एक. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी पानंच्या पानं दिलीत. मनापासून दिलीत, वाचून मलाही भरून आलं. त्याच अंकात रोजचं राशिभविष्यही होतं. नारळीकरांनी अंनिसच्या साथीने ज्योतिष्यांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिसळलेल्या पत्रिका ओळखायला दिल्या होत्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. राशिभविष्य बंद करा असं मी म्हणत नाही, ते वाचूनच माझं गिऱ्हाईक खुश असतं. त्याच्या शेजारची चार बोटं जागा मला द्या.

त्या जागेत दर रविवारी एकच गोष्ट छापा : मागे आपण दिलेल्या अमुक बातमीचं पुढे हे झालं. दावा टिकला, किंवा पडला, किंवा अजून तपासणी चालू आहे. पहिली बातमी कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर होती तेही लिहा. सुरुवात शेगावच्या गव्हापासून करा. त्यासाठी शास्त्रज्ञ नेमायची गरज नाही, फोन करून 'पुढे काय?' विचारणारा एक चिकट माणूस पुरे आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पुण्यातच आहे, विद्यापीठांत मराठीत समजावून सांगणारे शिक्षक आहेत. त्यांना फक्त ग्रहणाच्या दिवशी फोन करू नका.

आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. लांबलांबच्या शाळांची पोरं स्वतः केलेली यंत्रं घेऊन येतात. तुमचा माणूस येतो, फीत कापतानाचा फोटो घेतो आणि जेवायच्या आत निघून जातो. पुढच्या खेपेला त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगा. माझं दुकान रस्त्यावरच आहे, चहा मी पाजतो, आणि रेल्वेबद्दलचे प्रश्न लिहून ठेवलेले आहेत ते त्याच्या हातात देतो.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक वाचक